मिरांडा, क्लिफर्ड

(११ जुलै १९८२ – ). गोव्याचे माजी फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक. मधल्या फळीत, मुख्यतः डाव्या बगलेवर ते खेळत. खेळाडू म्हणून त्यांचे नाव धेंपो स्पोर्ट्स क्लबशी जोडले गेले, तर प्रशिक्षक म्हणून त्यांची घडण भारतात आलेल्या स्पॅनिश प्रशिक्षकांच्या हाताखाली झाली.

आर्मांद कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने २००४-०५ व २००६-०७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि २००७-०८, २००९-१० व २०११-१२ मध्ये आय-लीग जिंकली. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी यांच्यासारखे गोमंतकीय खेळाडू आणि पुढे नायजेरियाचे रांती मार्टिन्स व ब्राझीलचे बेटो असा तो संघ होता. गोल करणाऱ्यांचा बोलबाला झाला, पण डावीकडून चेंडू पुढे नेऊन त्यांच्यापर्यंत पोचवणारे मिरांडा त्या यशाचे तितकेच वाटेकरी होते. २००८ मध्ये धेंपोने एएफसी चषकाची उपान्त्य फेरी गाठली. २०१२ मध्ये दिल्लीत कॅमेरूनविरुद्धचा अंतिम सामना २-२ असा सुटल्यावर पेनल्टी शूटआउटमध्ये नेहरू चषक जिंकणाऱ्या भारतीय चमूतही ते होते.

निवृत्तीनंतर ते एफसी गोवा संघात सर्जिओ लोबेरा यांचे सहायक झाले. लोबेरा बार्सिलोनाच्या युवा विभागातून आलेले. चेंडू आपल्याकडे ठेवून खेळण्याची त्यांची पद्धत गोव्याच्या प्रेक्षकांना चांगलीच भावली. असे असूनही जानेवारी २०२० अखेर, साखळीतील तीन सामने उरले असताना, क्लबने त्यांना दूर केले आणि संघ मिरांडांच्या हाती आला. हैदराबादवर ४-१, मुंबई सिटीवर ५-२ आणि जमशेदपूरवर ५-० असे तिन्ही विजय मिळाले. १८ सामन्यांत ३९ गुणांसह गोव्याने इंडियन सुपर लीगची पहिलीवहिली लीग विनर्स शिल्ड पटकावली. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान याच शिल्डमुळे मिळाला. सुपर लीगच्या उपान्त्य फेरीत मात्र चेन्नईयनकडून पहिला सामना १-४ असा गमावल्यावर परतीच्या सामन्यातील ४-२ विजयही अपुरा पडला. पुढच्या मोसमात मुख्य प्रशिक्षक आले ते हुआन फेरांडो, तेही स्पेनचेच. मिरांडा पुन्हा सहायक झाले.

ओडिशा एफसीत हाच क्रम पुन्हा घडला. २०२३ मध्ये होसेप गोम्बाऊ गेल्यावर त्यांना प्रभारी नेमले गेले. २५ एप्रिलला कोळिकोड येथे बंगळुरू एफसीला २-१ असे हरवून त्यांच्या संघाने सुपर कप जिंकला. दोन्ही गोल ब्राझीलच्या दिएगो मॉरिसिओचे. क्लबचा हा पहिलाच करंडक. त्यानंतर चारच दिवसांत गोकुलम केरळला ३-१ असे नमवून एएफसी चषकाचे दारही उघडले. सुपर कपच्या विजयाचे मोल कळण्यासाठी त्या स्पर्धेच्या विजेत्या प्रशिक्षकांची यादी पाहावी : २०१८ मध्ये आल्बर्ट रोका, २०१९ मध्ये लोबेरा, २०२४ मध्ये कार्लेस क्वाद्रात, मे २०२५ मध्ये मानोलो मार्केझ. हे चौघेही स्पॅनिश. मधले मिरांडा तेवढे भारतीय. तरीही ओडिशाने पुढच्या मोसमासाठी मुख्य प्रशिक्षक म्हणून आणले ते लोबेरांनाच. परदेशी नावावरचा क्लबमालकांचा विश्वास निकालांनी हलत नाही, याचे इतके उघड उदाहरण भारतीय फुटबॉलमध्ये विरळा.

त्यानंतर ते मोहन बागानमध्ये फेरांडो यांचे सहायक झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील दालियान येथे आशिया चषक पात्रता फेरीत त्यांनी भारताच्या २३ वर्षांखालील संघाची धुरा सांभाळली. तेथे चीन व संयुक्त अरब अमिराती या दोघांकडूनही हार पत्करावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये फेरांडो यांची गच्छंती होऊन आंतोनिओ लोपेझ हाबास यांची नेमणूक झाली, पण भुवनेश्वरच्या सुपर कपमध्ये प्रशिक्षकाच्या बाकावर मिरांडाच होते. श्रीनिधी डेक्कन व हैदराबादला हरवल्यावर संघ ईस्ट बंगालकडून १-३ असा पराभूत होऊन बाहेर पडला. २०२५ मध्ये चेन्नईयन एफसीने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. या वेळी ‘प्रभारी’ हे विशेषण पदामागे नव्हते.