एका चित्रपटाचे दोन दिग्दर्शक

सन १९५०. सेलम शहर मागे पडतं, येरकाडच्या घाटाचा रस्ता लागतो आणि शेवरॉयच्या डोंगरांखाली मॉडर्न थिएटर्स या चित्रपट स्टुडिओची कमान दिसते. वेळेवर आलात ते बरं झालं. उशिरा येणाऱ्याची इथे गय होत नाही, मग तो नायक असो की सुतार.

मालक टी. आर. सुंदरम. सगळे त्यांना ‘मुदलाळी’, म्हणजे मालकच, म्हणतात. लीड्सला वस्त्रोद्योग शिकून आलेला हा माणूस गिरणीच्याच शिस्तीने चित्रपट काढतो. आपल्या प्रभातमध्ये दिग्दर्शक स्वतःच भागीदार होते. इथे मालक एकच, पण तोही दिग्दर्शनाला उभा राहतो.

फ्लोअरवर या. दिव्यांच्या उष्णतेने रंगवलेल्या पडद्यांना वास सुटलाय. ‘मंदिरी कुमारी’चं काम चालू आहे. कॅमेऱ्याजवळचा गोरा माणूस एलिस आर. डंगन, ओहायोचा. १९३५ साली भारतात आला, पुढच्याच वर्षी ‘सती लीलावती’ केला, १९४५ साली सुब्बुलक्ष्मींना घेऊन ‘मीरा’. पंधरा वर्षं तमिळ चित्रपट केले, तरी तमिळ त्याला येत नाही. तो सांगतो इंग्रजीत, मदतनीस तेच नटांना तमिळमध्ये समजावतात. कान बाजूला ठेवून तो डोळ्यांवर भिस्त टाकतो: चेहरा कधी वळला, हात कुठे थांबला, सावली कुठे पडली.

आणि संवाद? ते मु. करुणानिधींचे. ‘कुंडलकेशी’ या जुन्या महाकाव्यातला प्रसंग उचलून त्यांनी असे संवाद लिहिलेत की एकेक वाक्य सभेत म्हणावं. म्हणजे शब्द जिवंत करणारा लेखक एकीकडे, आणि ते शब्द न कळणारा दिग्दर्शक दुसरीकडे. दोघांना एकाच दावणीला बांधणं, हेच मला सुंदरमचं खरं कर्तृत्व वाटतं.

नायकाकडे बघा. एमजीआरच्या हनुवटीला छोटी दाढी चिकटवलीय. ही हनुवटी मालकांना पसंत नव्हती, पण करुणानिधींचा आग्रह होता. त्यावर निघालेला हा तोडगा, असं सांगतात.

कड्यावरचा प्रसंग मात्र चुकवू नका. बायकोला ढकलून द्यायला आलेला नवरा गोड गाणं म्हणत तिला वर नेतो. मरण्याआधी तुम्हाला तीन प्रदक्षिणा घालू द्या, एवढंच ती मागते. पहिली फेरी, दुसरी. तिसऱ्या फेरीत ती त्याच्या पाठीमागे येते आणि त्यालाच खाली लोटते. एस. ए. नटराजनचा खलनायक आणि माधुरी देवीची मंत्रिकन्या, दोघांच्या नजरेतला पालट बघत राहावा असा. भाषा न कळणाऱ्याला हे साधलं, कारण इथे गोष्ट पावलांनी सांगितली जाते.

चित्रपट पुरा व्हायच्या आत डंगन मायदेशी निघून गेला. उरलेलं काम सुंदरमनी हाती घेतलं. आता श्रेयनामावली बघा: दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावं. नोकर गेल्यावर त्याचं नाव पुसणं मालकाला सोपं होतं. ते केलं नाही, म्हणून या माणसाबद्दल आदर वाटतो.

चित्रपट धो धो चालला. पुढच्याच वर्षी ‘सर्वाधिकारी’ येतो: नायक पुन्हा एमजीआर, दिग्दर्शक सुंदरम.