थायॉल विक्रियाकारक, प्रथिनांचे

प्रथिनांतील सिस्टीन या ॲमिनो अम्लात गंधक व हायड्रोजन यांचा मिळून बनलेला थायॉल गट असतो. या गटाशी निवडकपणे संयोग पावणाऱ्या संयुगांना थायॉल विक्रियाकारक म्हणतात. थायॉलांची पाऱ्याशी असलेली ओढ फार पूर्वी लक्षात आली होती. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. सी. झाइसे यांनी १८३४ मध्ये या वर्गाच्या संयुगांना ‘पारा पकडणारे’ अशा अर्थाचे मर्कॅप्टन हे नाव दिले. पाऱ्याच्या संयुगांच्या विषारीपणाचे एक प्रमुख कारणही हेच होय.

या विक्रियाकारकांचे महत्त्व एका अनपेक्षित शोधाने प्रत्ययास आले. स्नायूचे आकुंचन लॅक्टिक अम्लाच्या निर्मितीमुळे होते, असे १९२० नंतरच्या दशकात मानले जाई आणि ओटो मायरहोफ यांच्या नोबेल पारितोषिकप्राप्त संशोधनाचा त्यास आधार होता. कोपनहेगन येथील आयनार लुंड्सगॉर यांनी १९३० मध्ये दाखविले की, आयोडोॲसिटिक अम्ल टोचलेल्या बेडकाचा स्नायू लॅक्टिक अम्ल तयार न होताही काही काळ आकुंचन पावतो. त्या वेळी फॉस्फोक्रिएटीन खर्ची पडते व तो साठा संपला की स्नायू ताठरतो. प्रस्थापित उपपत्ती त्यामुळे कोसळली. हे अम्ल ग्लुकोजाच्या विघटनातील एका एंझाइमाच्या सिस्टिनाशी कायमचे जखडले जाते, हा उलगडा पुढे झाला.

जी. एल. एल्मन यांच्या १९५९ मधील विक्रियाकारकामुळे थायॉल गटांची मोजणी सुलभ झाली. त्याच्या विक्रियेत पिवळा रंग येतो व तो ४१२ नॅनोमीटर तरंगलांबीस मोजतात.

विक्रियाकारकाने एंझाइम निष्क्रिय झाले, एवढ्यावरून थायॉल गट त्याच्या क्रियास्थानीच आहे असे मात्र ठरत नाही. जवळच्या सिस्टिनाला चिकटलेला मोठा रेणूही वाट अडवू शकतो. निर्णायक पुरावा स्फटिकरचनेतून मिळतो. पेनिसिलिनाचे विघटन करून नव्या प्रतिजैविकांसाठी मूळ द्रव्य पुरविणाऱ्या पेनिसिलीन-व्ही ॲसिलेज या एंझाइमाची रचना पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठ यांतील सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, गाय डॉडसन प्रभृतींनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. बॅसिलस स्फेरिकस या जीवाणूतील या एंझाइमाच्या शृंखलेत अगदी पहिले ॲमिनो अम्ल सिस्टीन असून त्याचाच थायॉल गट पेनिसिलिनावर क्रिया करतो, असे तीत दिसले. पेनिसिलीन-जी ॲसिलेजात हेच काम पहिल्या स्थानावरील सेरीन करते.