सहारातील वाट आणि दास्याची व्याख्या

दास्य कायद्याने संपले म्हणजे व्यवहारातूनही संपले, असे मानण्याचा प्रघात आहे. लिबियातील फेज्जान प्रांताचा इतिहास या समजुतीस छेद देतो. एकोणिसाव्या शतकात चाड सरोवराकडून येणारे गुलामांचे तांडे मुर्झुकच्या बाजारातून त्रिपोलीस जात. १८५७ साली उस्मानी सुलतानाने आफ्रिकी गुलामांच्या व्यापारास बंदी केली. तरीही तो पुढे कित्येक वर्षे चोरून चालूच राहिला.

२०११ मध्ये गद्दाफींची राजवट कोसळली. त्यानंतर याच प्रांतातील सबहा हे शहर, नायजरमधील अगादेझहून उत्तरेकडे निघालेल्या स्थलांतरितांचा मोठा टप्पा बनले. एप्रिल २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने तेथून सुटून आलेल्यांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या. त्यांतील क्रम लक्षणीय आहे. प्रवासी भाडे देऊन स्वेच्छेने वाहनात चढतो. सबहास पोहोचल्यावर, दलालाने आपले पैसे दिले नाहीत असे सांगून चालक त्यास विकतो. विकत घेणारा त्यास कोंडून ठेवतो, मारहाण करतो आणि घरच्यांकडून दूरध्वनीवर खंडणी मागवतो.

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली या विषयावर दोन स्वतंत्र मसुदे संमत केले. एक मनुष्यव्यापाराविषयी, दुसरा स्थलांतरितांच्या चोरट्या वाहतुकीविषयी. पहिल्यात बळजबरी वा फसवणूक आणि शोषणाचा हेतू गृहीत आहे. दुसऱ्यात पैसे घेऊन बेकायदा सीमा पार करविणे एवढेच. मराठीत दोहोंस सर्रास ‘मानवी तस्करी’ म्हटले जाते. शास्त्रीय लेखनात हा भेद पाळावयासच हवा. परंतु सबहाच्या वाटेवर एकच मनुष्य सकाळी दुसऱ्या व्याख्येत असतो आणि सायंकाळी पहिल्या. अशा वेळी १९२६ च्या दास्यविषयक कराराची जुनी व्याख्याच अधिक उपयोगी पडते. तिचा निकष संमती नव्हे, तर माणसावर चालविलेला मालकी हक्क होय.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. नायजरने २०१५ साली चोरट्या वाहतुकीविरुद्ध कायदा केला. पहारे वाढताच वाहने रुळलेला मार्ग आणि त्यावरील विहिरी सोडून आडवाटांनी जाऊ लागली. प्रवासी चालकाच्या अधिकच अधीन झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो कायदा रद्द झाला. वाहतूक रोखली म्हणजे दास्य रोखले, असे होत नाही. किंबहुना, परतीची वाट जेथे बंद होते तेथेच दास्याचा आरंभ होतो, हे फेज्जानने दोन शतकांत दोनदा दाखविले आहे.