मूत्रपिंडाच्या चेतांची कुळकथा

मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेत अनुकंपी म्हणजे सिंपथेटिक चेतासंस्थेचा हात असतो, या कल्पनेचे मूळ लघवीच्या मोजमापात सापडते. 1859 मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी प्राण्याच्या एका बाजूची, मूत्रपिंडाकडे अनुकंपी तंतू नेणारी स्प्लँक्निक चेता कापली, तेव्हा त्याच बाजूच्या मूत्रपिंडातून लघवी वाढली. चेतेला विजेने चेतवले की लघवी कमी होई. 1889 मध्ये जॉन रोझ ब्रॅडफर्ड यांनी या चेता मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या आवळतात हे दाखवले. चेतांच्या टोकांतून पाझरणारे रसायन नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आहे, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी 1946 मध्ये सिद्ध केले.

शस्त्रवैद्य मात्र रसायनासाठी थांबले नव्हते. रक्तदाबावर धड औषध नसलेल्या त्या काळात बोस्टनचे रेजिनाल्ड स्मिथविक रुग्णांच्या अनुकंपी चेता कापून टाकत. 1953 मध्ये त्यांनी 1266 शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. पाच वर्षांत मृत्यू पावलेले शस्त्रक्रिया झालेल्यांत 19 टक्के, तर न झालेल्यांत 54 टक्के होते. पण उभे राहताच रुग्णाला भोवळ येई. गोळ्या निघाल्यावर ही शस्त्रक्रिया मागे पडली, ते बरेच झाले.

1954 मध्ये बोस्टनमध्येच पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले. रोपणात सगळ्या चेता तुटतात, तरी नवे मूत्रपिंड चोख काम करते. मग या चेता हव्यात कशाला? हा युक्तिवाद बिनतोड वाटे आणि त्यामुळे विषय बराच काळ रेंगाळला. प्रत्यक्षात, निरोगी मूत्रपिंडाला चेतांवाचून चालते एवढेच त्यातून सिद्ध होत होते.

1970च्या दशकात चेतांची टोके रक्तवाहिन्यांपुरती थांबत नाहीत, थेट मूत्रनलिकांवर जाऊन भिडतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. आयोवाचे जेराल्ड डिबोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चेतांच्या कामाची चढती पायरी मांडली. संकेत अगदी मंद असताना रक्तदाब वाढवणारे रेनिन स्रवते. जरा वाढले की नलिका सोडियम धरून ठेवतात. आणखी वाढले तरच रक्तपुरवठा घटतो. म्हणजे बर्नार आणि ब्रॅडफर्ड यांना दिसली होती ती मुख्यतः सर्वांत वरची, ढोबळ पायरी.

इजेशी थेट संबंध उंदरांवरच्या प्रयोगांनी जोडला. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा काही वेळ अडवून पुन्हा सोडला की तिथल्या शिरेच्या रक्तात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढते. आधीच चेता तोडलेल्या उंदरांत इजा पुष्कळ सौम्य राहते, असे 2003 मध्ये जपानी संशोधकांना आढळले. 2013 मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात मूत्रवाहिनी बांधलेल्या उंदरांच्या चेता तोडल्या, तेव्हा मूत्रपिंडात व्रणासारखी तंतुमय ऊती कमी साठली. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बाहेरून दिल्यावर ती पुन्हा साठू लागली. इतका उघड पुरावा या विषयात विरळाच.

संकेतांची ये-जा दोन्ही बाजूंनी चालते, हे माणसातच दिसले. 1992 मध्ये डॅलसच्या संशोधकांनी डायलिसिसवरच्या रुग्णांच्या पायाच्या चेतेतील संकेत मोजले; ते निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त होते. दोन्ही मूत्रपिंडे काढून टाकलेल्या रुग्णांत मात्र ही वाढ नव्हती. निकामी मूत्रपिंडच मेंदूकडे गाऱ्हाणे घेऊन जाते आणि मेंदू उत्तरादाखल सगळ्या शरीरातली अनुकंपी चेतासंस्था चेतवतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. हे दुष्टचक्र रक्तदाब वाढवते आणि उरलेसुरले मूत्रपिंड झिजवते.

2009 मध्ये मेलबर्नच्या हेन्री क्रुम यांच्या गटाने स्मिथविक यांची कल्पना नव्या रूपात आणली. जांघेतून कॅथेटर मूत्रपिंडाच्या धमनीत नेऊन रेडिओलहरींच्या उष्णतेने भोवतालच्या चेता जाळायच्या. सुरुवातीचे आकडे डोळे दिपवणारे होते. 2014 मध्ये 535 रुग्णांच्या चाचणीत काहींवर उपचाराचे निव्वळ सोंग केले, तेव्हा दोन्ही गटांच्या रक्तदाबातील घटीतला फरक पाऱ्याच्या जेमतेम 2.4 मिलिमीटर निघाला. सुधारलेली साधने आणि नव्या चाचण्यांनंतर नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली, तीही फक्त रक्तदाबासाठी.

मूत्रपिंडाच्या तीव्र इजेवर हा उपचार अजून प्राण्यांपुरताच आहे. उंदरात इजेनंतर दिवसभरात चेता तोडल्या तरी दूरगामी नुकसान टळते. पण अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची इजा बहुधा रक्ततपासणीत क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ वाढल्यावरच लक्षात येते, आणि तोवर ही वेळ निघून गेलेली असू शकते. शिवाय धमनी दिसण्यासाठी लागणारा आयोडीनयुक्त डाय दुखावलेल्या मूत्रपिंडावर टाकायला डॉक्टर कचरतात.