साखळी सुटली, पण घर कुठे आहे?

लहानपणी अम्मीसोबत दर्ग्यावर जायचो तेव्हा मागच्या ओसरीत एक बाई बसलेली दिसायची. पायात साखळी, साखळीला कुलूप. ‘बाबा बरं करतील’ म्हणून घरच्यांनी आणून सोडलंय, असं अम्मी सांगायची. घरचे तिला न्यायला पुन्हा आले का, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नाही. तो प्रश्न पडला ६ ऑगस्ट २००१ नंतर.

त्या दिवशी पहाटे तामिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात, एरवाडी इथं, मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका खासगी निवासाला आग लागली. २८ जण मेले. बहुतेकांना साखळीनं बांधलेलं होतं, त्यामुळे पळता आलं नाही. एरवाडीचा दर्गा मनोरुग्णांसाठी प्रसिद्ध आहे. तिथं सगळ्या धर्मांचे लोक येतात. त्याच्या आसपास अशी निवासं उभी राहिली होती. नातेवाईक पैसे भरून माणूस ठेवून जात. आगीनंतर सरकारनं ती बंद केली आणि पाचशेहून अधिक रुग्णांची जबाबदारी घेतली.

तेव्हा सगळीकडे एकच शब्द ऐकू आला, अंधश्रद्धा. तो खोटा नव्हता, पण अपुरा होता. माणसं तिथं नुसत्या श्रद्धेपोटी राहिली नव्हती. त्यांना दुसरीकडे छप्पर नव्हतं आणि जवळपास डॉक्टर नव्हता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. रुग्णावर त्याच्या गावाजवळ उपचार व्हावेत, हा त्याचा हेतू. पण त्यातला जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला, तोही फक्त चार जिल्ह्यांत.

अशा वेळी आपले लोक अभिमानानं बिमारिस्तानांची आठवण काढतात. ती काढायलाच हवी. दमास्कसला नुरुद्दीन झंगीनं ११५४ साली आणि कैरोला सुलतान कलावूननं १२८४ साली रुग्णालय बांधलं. कैरोत मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत, गावचा-परदेशी सगळ्यांना तिथं जागा होती आणि खर्च वक्फ मिळकतींच्या उत्पन्नातून चालायचा. पण अर्धाच इतिहास सांगू नये. बाराव्या शतकातला प्रवासी इब्न जुबैर यानं दमास्कसला वेड्यांवर उपचार होतात असं लिहिलं, तसंच ते साखळदंडात असतात हेही लिहिलं. माझ्या मते त्या काळाकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. रुग्णाचा निवारा ही जबाबदारी तेव्हा समाजानं वक्फच्या दस्तावेजात लिहून घेतली होती.

आज कायदाही तेच म्हणतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळीवर बंदी घातली. त्याच्या १९ व्या कलमानुसार प्रत्येक मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. अशांसाठी सरकारनं मधल्या टप्प्याची घरं आणि आधारासह राहण्याची सोय करायची आहे. प्रत्यक्षात काय झालं? २०१९ साली महाराष्ट्र सरकारला सर्वोच्च न्यायालयानं फटकारलं, कारण बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवलं जात होतं. रोग गेला आणि माणूस भिकाऱ्यांत मोजला गेला.

दुसरी वाट नाही असं नाही. चेन्नईची ‘द बॅनियन’ ही संस्था १९९३ पासून बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी काम करते. वर्षानुवर्षं रुग्णालयात राहिलेल्या चार-पाच जणींना ती साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायला देते. मदतीला एक कार्यकर्ती असते. बाजारहाट, स्वयंपाक, शेजारपाजार त्यांचा त्या पाहतात. औषध चालूच असतं. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम झाला. तिथं मुजावरच रुग्णाला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवू लागले. श्रद्धा कुणी हिसकावून घेतली नाही आणि उपचारही मिळाले.

सूरह निसाच्या पाचव्या आयतीत, ज्यांना आपला व्यवहार सांभाळता येत नाही त्यांच्या अन्नवस्त्राची आणि त्यांच्याशी नीट बोलण्याची जबाबदारी इतरांवर टाकली आहे. वक्फच्या जमिनींसाठी आपण मोर्चे काढतो, कोर्टात जातो. काढावेत, जावं. पण एखाद्या जमातीच्या बैठकीत कुणी उठून असंही म्हणावं, की आपल्या मिळकतीतल्या दोन खोल्या रुग्णालयातून सुटलेल्या, पण घर नसलेल्या माणसांसाठी ठेवू या. भाडं घेणार नाही, आणि औषधाची तारीख आपल्यातला कुणीतरी लक्षात ठेवेल.

ओसरीतली ती बाई पुढे दिसली नाही. ती बरी झाली की गेली, हे अम्मीलाही माहीत नव्हतं. तिचं नावसुद्धा आम्ही कुणी विचारलं नव्हतं.