‘ड्युराल्युमिन’ : एका तांत्रिक संज्ञेचा अर्थ व वापर – ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विज्ञानातील संज्ञांचा इतिहास हा बहुधा शोधांच्या इतिहासाचा उपविभाग मानला जातो. तथापि एखादी संज्ञा प्रचारात कशी आली आणि तिचा अर्थ कसा बदलत गेला, हे पाहिल्याशिवाय त्या शोधाचे स्वरूपही नीट कळत नाही. ‘ड्युराल्युमिन’ ही संज्ञा याचे उत्तम उदाहरण होय. रसायनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत तिची व्याख्या सामान्यतः घटकांच्या यादीने केली जाते : ॲल्युमिनियम, सुमारे ४ टक्के तांबे आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम व मँगनीज. ही व्याख्या चूक नसली तरी अपुरी आहे, असे या संज्ञेच्या इतिहासावरून दिसून येते.

शोधाची पार्श्वभूमी :

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म हे बर्लिनजवळील नॉयबाबेल्सबर्ग येथील संशोधनकेंद्रात काम करीत होते. काडतुसांच्या पितळी आवरणाला हलका पर्याय शोधणे हा त्यांच्या संशोधनाचा एक हेतू होता. पोलाद तापवून पाण्यात बुडविले की ते तत्काळ कठीण होते. आपल्याकडील लोहार यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. विल्म यांनी हीच क्रिया ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर करून पाहिली. मात्र पाणी दिल्यानंतर तो लगेच कठीण झाला नाही. प्रचलित वृत्तान्तानुसार, शनिवारी तपासलेला नमुना सोमवारी पुन्हा तपासला असता त्याचे काठिण्य लक्षणीय वाढलेले आढळले. १९०६ मधील या निरीक्षणातून ‘काळानुसार येणारे काठिण्य’ ही नवीच संकल्पना पुढे आली.

नामकरण आणि वापर :

या मिश्रधातूच्या उत्पादनाचे हक्क ऱ्हाइनलँडमधील ड्युरेन या गावच्या कारखान्याकडे गेले. ‘ड्युरेन’ आणि ‘ॲल्युमिनियम’ यांच्या संयोगातून ही संज्ञा सिद्ध झाली, अशी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते. लॅटिन ‘ड्युरस’ म्हणजे कठीण, या शब्दाशीही तिचा संबंध जोडला जातो. दुसरी व्युत्पत्ती लोकप्रिय झाली, कारण ती पदार्थाच्या गुणधर्माशी जुळणारी होती. म्हणजेच मूळचे व्यापारी नाव हळूहळू गुणवाचक मानले जाऊ लागले.

पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश घनता आणि तरीही पुरेसे बळ, यांमुळे विमानविद्येने हा मिश्रधातू त्वरित स्वीकारला. १९११ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मेफ्लाय’ या हवाई जहाजाच्या सांगाड्यात तो वापरला गेला. मात्र ते जहाज उड्डाणापूर्वीच मोडले. १९१४ च्या ‘एलझेड २६’ पासून झेपेलिन जहाजांत, तर १९१९ मध्ये ‘युंकर्स एफ १३’ या संपूर्ण धातूच्या प्रवासी विमानात त्याचा उपयोग झाला.

अर्थविस्तार :

जपानमध्ये १९३६ मध्ये ‘एक्स्ट्रा सुपर ड्युराल्युमिन’ विकसित झाले व पुढे ते ‘झीरो’ या लढाऊ विमानात वापरले गेले. त्यात तांब्याऐवजी जस्त हा प्रमुख मिश्रघटक होता. घटक बदलले, उत्पादनाचे स्थळ बदलले, तरी नाव टिकले. या दोहोंत समान होती ती उष्णतासंस्काराने बळ आणण्याची पद्धत. अमेरिकेत मात्र उलट घडले. तेथे १९५४ मध्ये स्वीकारलेल्या अंकपद्धतीनुसार मूळ मिश्रधातूला ‘२०१७’ व त्याच्या सुधारित रूपाला ‘२०२४’ हे क्रमांक मिळाले आणि अभियांत्रिकी दस्तऐवजांतून जुने नाव मागे पडले. या पद्धतीत संस्काराची अवस्था दर्शविण्यासाठी क्रमांकापुढे स्वतंत्र चिन्ह जोडावे लागते, ही बाब अर्थपूर्ण आहे. केवळ घटकांवरून पदार्थाचे बळ कळत नाही, याची ती कबुलीच होय.

व्याख्येचा प्रश्न :

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. ड्युराल्युमिनचे काही रिव्हेट पाणी दिल्यानंतर थोड्याच वेळात कठीण होऊ लागतात. म्हणून ते वापरापर्यंत शीतपेटीत ठेवण्याची पद्धत विमान कारखान्यांत रूढ झाली. तसेच शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा हा मिश्रधातू अधिक सहज गंजतो. त्यामुळे १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर देण्यात येऊ लागला. घटकांची यादी पाठ असलेल्या विद्यार्थ्याला यांपैकी कशाचेही कारण सांगता येणार नाही. १९१९ मध्ये मेरिका व त्यांच्या सहकाऱ्यांनी या काठिण्याचे सैद्धान्तिक स्पष्टीकरण मांडले. १९३८ मध्ये गिनिए व प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने, स्वतंत्रपणे, तांब्याच्या अणूंचे सूक्ष्म पुंज दाखवून दिले. म्हणजे पदार्थ वापरात आल्यानंतर सुमारे तीन दशकांनी त्याच्या नावामागील ‘काठिण्या’चा अर्थ पुरता उलगडला.

समारोप :

सारांश, ‘ड्युराल्युमिन’ ही संज्ञा प्रथम व्यापारी नाव, नंतर पदार्थाचे नाव आणि अखेरीस एका पदार्थवर्गाचे नाव झाली. तिन्ही टप्प्यांत टिकून राहिला तो घटक नव्हे, तर प्रक्रिया. म्हणून अध्यापनात या मिश्रधातूची व्याख्या देताना घटकांबरोबर उष्णतासंस्कार व काळ यांचाही निर्देश करणे आवश्यक ठरते. तांत्रिक संज्ञांचा ऐतिहासिक अभ्यास विज्ञान आणि मानव्यविद्या या दोन्ही शाखांच्या अध्यापकांना एकत्र आणू शकतो, तो याच अर्थाने.