मोडशी, पेज आणि चिमूटभर मीठ

पावसाला सुरुवात झाली, विहिरीचं पाणी गढूळ झालं, की आमच्या फोनवर एक शब्द हमखास येतो: मोडशी. ‘लेकराला मोडशी झालीय, ओवा देऊ की जायफळ उगाळू?’ असं पुष्कळजणी विचारतात. आजीच्या बटव्यातल्या हळदीवर, अडुळशावर, गवती चहावर आपण या कार्यक्रमात बोललो आहोत. आज मात्र औषधाआधी या शब्दाचीच गोष्ट सांगायची आहे. कारण आपला हा घरगुती शब्द सातासमुद्रापार गेलेला आहे, आणि त्याच्याबरोबर चुलीवरची पेजही गेलेली आहे.

गोष्ट सुरू होते गोव्यात. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ये-जा होती, मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ साली त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. हिंदुस्थानातली औषधी झाडं, मुळ्या, साली, मसाले यांची त्यात माहिती आहे, आणि ती सगळी गप्पांच्या रूपात. युरोपातून नवा आलेला रुआनो नावाचा वैद्य प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तरं देतो. रुआनो हे कल्पित पात्र. आपण रेडिओवर करतो तसंच की हे!

या गप्पांत मधूनच एक बाई येते. अंतोनिया तिचं नाव. ओर्ताच्या घरात कामाला असलेली पोर. हे फळ आण, ते पान दाखव, असं मालक सांगतो आणि ती आणून देते. दोन विद्वान पुरुषांच्या चर्चेत जी वस्तू समोर ठेवायची, ती ओळखून आणणारी ती. पुस्तकावर नाव ओर्ताचं, आणि ते योग्यच आहे, लिहिलं त्याने. पण जुन्या औषधांच्या पुस्तकात पाला आणून देणाऱ्या मुलीचं नाव राहून गेलंय, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. बाकीच्या पुस्तकांत अशा बायका असतील, पण नावाशिवाय.

तर या पुस्तकात एक प्रसंग आहे. गप्पा चाललेल्या असताना एक नोकर धावत येतो: मालकाच्या भावाला बघायला लगेच चला, मोडशी झालीय, दोन तास झाले. ओर्ता सगळं सोडून उठतो, कारण ही आपली आजची मोडशी नव्हे. ओकारी, जुलाब, पायात गोळे, आवाज बसलेला, डोळे खोल गेलेले, आणि काही तासांत माणूस खलास. म्हणजे आपल्या पणज्या जिला पटकी किंवा वाखा म्हणायच्या तीच. ओर्ता सांगतो की इथले लोक या दुखण्याला मोडशी म्हणतात आणि आमच्या पोर्तुगीजांनी त्या शब्दाची मोडतोड केली आहे. पुढे ही मोडतोड वाढतच गेली. पोर्तुगीजांचं ‘मोर्देशी’ झालं, आणि फ्रेंचांनी त्याचं केलं ‘मोर द शियँ’. त्यांच्या भाषेत याचा अर्थ कुत्र्याचं मरण! त्यांना तो आपलाच शब्द वाटला असणार, कारण दुखणं तसंच भयानक होतं. मराठी ‘मोडणे’तला शब्द, माणूस मोडून पडतो म्हणून मोडशी, असा परदेशी गलबतांवरून फिरला.

मग रुआनो विचारतो, इथले लोक यावर करतात काय? ओर्ताने दिलेलं उत्तर नीट ऐका. भाताचं पाणी मिरी आणि जिरं घालून प्यायला देतात, त्याला ते कांजी म्हणतात. पायांना डाग देतात. डोळ्यांत पिंपळीची पूड टाकून अंगात किती धुगधुगी आहे ते पाहतात. गोळे आले तर हातपाय पट्ट्यांनी आवळून बांधतात. खायला विड्याचं पान देतात.

एकाच दमात सांगितलेल्या या गोष्टींत पेजही आहे आणि डागही. आणि डाग देणारे फक्त अडाणी लोक होते असं समजू नका. त्या दिवशी ज्या गृहस्थाला पाहायला ओर्ता गेला, त्याच्या पायांना डाग द्यायला खुद्द ओर्तानेच सांगितलं होतं. शिकलेला वैद्य आणि गावठी वैदू त्या बाबतीत एकाच रांगेत बसले होते.

ओर्ताचं पुढे काय झालं तेही सांगून टाकू. तो जन्माने ज्यू घराण्यातला. तो वारल्यावर १५६९ मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडंही उकरून जाळण्यात आली. पणजीला चर्चसमोर एक बाग आहे. तिला आज त्याचं नाव आहे.

आता पेजेकडे वळू. कोकणात उकड्या तांदळाची पेज, घाटावर ज्वारीच्या कण्या, ओकारी होत असेल तर साळीच्या लाह्यांचं पाणी. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांतही मंड, पेया, विलेपी अशी पातळ-दाट पेजेची नावं आहेत. आजाऱ्याला पेज द्यायची हे आपल्याकडे इतकं रोजचं की ते औषध आहे असं कोणी मानतच नव्हतं. औषध म्हणजे कडू, काळं, उगाळलेलं, नाहीतर बाटलीतलं. कुड्याची साल ताकात उगाळून दिली तर ते औषध; पेज म्हणजे नुसतं पोटाला आधार.

हा विचार फक्त आपला नव्हता. १८१७ नंतर पटकी बंगालमधून देशभर आणि मग जगभर पसरली. आपल्याकडे पंढरीच्या वाऱ्यांमधून ती गावोगाव पोचली, गावागावांत मरीआईचे गाडे निघाले. त्या काळात गोरे डॉक्टर काय करत होते? रोग्याचं रक्त काढत, पाऱ्याचं औषध देत, अफू देत. पाणी पाणी करणाऱ्या माणसाला पाणी द्यायला पुष्कळ डॉक्टर नाही म्हणत. ज्याच्या अंगातलं पाणी संपत चाललंय त्याचंच रक्त काढायचं! पुढे विसाव्या शतकातही जुलाब होणाऱ्या मुलाला उपाशी ठेवा, पोटाला विश्रांती द्या, असं डॉक्टरी पुस्तकांत होतं. आणि आपल्या घरांतही हेच होतं. ‘पाणी दिलं तर अजून वाहतं’, ‘अंगावरचं दूध बंद कर, बाधलंय’, हे सल्ले आजही ऐकू येतात.

अफूबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना बाळगोळी देत, तिच्यात अफू असे. १९२० च्या दशकातल्या सरकारी अहवालांत याची नोंद आहे. दहा-दहा तास यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या बाईने मूल झोपवून जायचं नाही तर करायचं काय? त्यांना दोष देणं सोपं आहे, आम्ही देणार नाही. पण अफूने जुलाबही थांबतात, म्हणून गोळी लागू पडली असं वाटायचं. मूल मात्र आतून कोरडं पडत राही. आज अफू गेली, पण जायफळाचे वळसे वाढवत नेणाऱ्या घरांत तोच धोका आहे. जायफळानेही मूल पेंगतं. जुलाब होणारं बाळ पेंगायला लागलं, तर ही गुंगी जायफळाची की अंगातलं पाणी संपल्याची, हे आईलाही कळत नाही आणि डॉक्टरलाही. तसंच पोटावर चटके देण्याचं. काही भागांत पोटफुगीवर तान्ह्या बाळांना अजून चटके देतात. ओर्ताच्या यादीतली ही दुसरी ओळ साडेचारशे वर्षांनीही पुसली गेलेली नाही.

पहिली ओळ बरोबर का होती, हे कळायला १९६० चं दशक उजाडलं. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत घेतलं जातं, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. पटकीतही हा दरवाजा उघडाच राहतो. नुसतं पाणी दिलं तर ते वाहून जातं. मीठ आणि साखर योग्य मापात असेल तर अंगात मुरतं. भाताचा पिठूळपणा म्हणजे पोटात गेल्यावर हळूहळू सुटणारी साखरच. म्हणून मीठ घातलेली पेज चालते. ओर्ताने मिरी-जिरं लिहिलंय, मीठ लिहिलेलं नाही. त्यामुळे ‘आमच्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं’ अशी फुशारकी आम्ही मारणार नाही. मिठाशिवायची पेज हे अर्धंच औषध.

कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ सालीच पटकीच्या १८६ रोग्यांना तोंडाने मीठ-साखरेचं पाणी देऊन लेख लिहिला, तोही लंडनच्या नावाजलेल्या ‘लॅन्सेट’मध्ये. जुलाब कमी व्हावेत म्हणून त्यांनी एका पाल्याचा रस वापरला होता. तो पाला कुठला माहितीये? आपल्या कुंडीतला पानओवा! पण तेव्हा त्या लेखाकडे फारसं कोणी पाहिलं नाही. पुढे १९६८ मध्ये ढाक्यात रोग्यांचं किती पाणी जातं, किती आत येतं हे मोजून प्रयोग झाले, तेव्हा डॉक्टरांना पटायला लागलं. आम्हाला वाटतं इथेच बटव्याचं आणि दवाखान्याचं नातं जुळतं. घरी अनुभव होता, मोजमाप नव्हतं.

खरी कसोटी लागली १९७१ मध्ये. बांगलादेशच्या युद्धात लाखो माणसं सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आली आणि छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या इस्पितळात रोगी जमिनीवर, एकमेकांना चिकटून पडलेले. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या भरून घेतल्या, तोटीच्या पिंपांत पाणी कालवलं, आणि कप भरून पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. आया, बहिणी, भाऊ. लोकांचा विश्वास सलाईनवर होता म्हणून याला नाव दिलं ‘तोंडाने घ्यायचं सलाईन’. तिथे आधी शंभरातले ३० च्या आसपास रोगी दगावत होते. या पाण्यावर ठेवलेल्या ३,७०० हून जास्त रोग्यांत ते प्रमाण शेकडा ३.६ वर आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

मग हे पाणी घरोघरी नेलं ते बायकांनी. बांगलादेशात १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या गावोगाव, दारोदार फिरल्या आणि १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत आयांना शिकवून आल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. पुडी नाही, चमचा नाही, वाचता येण्याची गरज नाही. गंमत त्यांच्या पगाराची. महिन्याभराने दुसरी माणसं येऊन काही आयांना प्रश्न विचारत, आणि आईला जितकं आठवेल त्या मानाने कार्यकर्तीला पैसे. किती घरं केली यावर नाही! तरी सुरुवातीला गाडी अडली. आयांना मापं पाठ, पण मूल आजारी पडलं की गुळाचं पाणी थोड्याच जणी करत. शोध घेतला तर कळलं की शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःचं पोट बिघडलं की त्या गोळ्या घेत. शिवाय घरातल्या पुरुषांना कोणी विचारलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना आधी ते पाणी का लागू पडतं हे समजावलं, मशिदीत आणि बाजारात पुरुषांशी बोलणं सुरू झालं. तेव्हा कुठे ते पाणी चुलीपाशी रुळलं.

ओर्ताची पेजही सुटली नाही. १९८० च्या दशकात ढाक्यातच साखरेऐवजी तांदळाचं पीठ शिजवून मीठ-पाणी दिलं गेलं, आणि पटकीच्या रोग्यांत जुलाबाचं प्रमाण साखरेच्या पाण्यापेक्षा कमी भरलं.

आता फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर. ओवा-जिरं मोठ्यांच्या पोटात दुखत असेल तर जरूर घ्या. पण जुलाब होणाऱ्या लेकराला आधी पाणी. आशाताईंकडे ओआरएसची पुडी फुकट मिळते; ती एक लिटर पाण्यात पूर्ण कालवायची, अर्धी नाही. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने. चाखून बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. जास्त मीठ तान्ह्याला घातक आहे. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्याने पुन्हा द्या. आशाताई देतील त्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. अंगावरचं दूध बंद करू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पेज नको. त्यापुढच्या मुलाला मीठ घातलेली पेज, मऊ भात, वरण चालू ठेवा.

डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, सहा तासांत लघवी नाही, बाळ पेंगतंय किंवा पीतच नाही, शीला रक्त पडतंय, यातलं एक जरी दिसलं तरी उगाळत बसू नका. पाणी पाजत पाजतच दवाखान्यात निघा.

पुढच्या वेळी ओव्याची गोष्ट. पहिल्या महायुद्धाआधी आपला ओवा जर्मनीला का जात होता, आणि ‘ओव्याचं फूल’ म्हणून आपण विकत आणतो ते नक्की काय असतं, ते तेव्हा सांगू.